यादीत न सापडणारी साक्षीदार

एप्रिल १९९६. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या जाहीर सुनावण्या सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. केप टाउनमधल्या सुनावणीत चार आया एकामागून एक साक्ष देतात. दहा वर्षांपूर्वी, ३ मार्च १९८६ रोजी, गुगुलेतू या काळ्यांच्या वस्तीत पोलिसांनी सात तरुणांना गोळ्या घालून मारलं होतं. या आया त्यांच्यापैकी चौघांच्या. पोलिसांचं म्हणणं होतं, हे दहशतवादी होते आणि चकमकीत मेले. ‘चकमक’ हा शब्द मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. पुढे बाहेर आलं ते असं: पोलिसांच्या एका गुप्त पथकाने फितवलेली माणसं या मुलांच्या गटात घुसवली, त्यांना हत्यारं मिळतील अशी व्यवस्था केली आणि मग सापळा लावला.

तीन आयांच्या साक्षी ऐकताक्षणी कळतात. एकीने मुलाचा मृतदेह टीव्हीच्या बातम्यांमध्ये पाहिला, कमरेला दोरी बांधून ओढत नेला जाताना. चौथीची साक्ष मात्र कळत नाही. तिचं नाव नॉट्रोज नोबोम्वू कोनिले. मुलगा झाबोंके. केप टाउनहून माणूस बातमी घेऊन आला त्याच्या आधीचं ती काहीतरी सांगते, आणि त्यात एक शेळी येते. शेळी वर बघत असते. मग कोळसा खणणं येतं, अंगावर आलेला दगड येतो. काळ मागेपुढे होतो, माणसं ओळख न देता येतात आणि निघून जातात. आयोगाला जे हवंय, म्हणजे कुणी, कुणाला, कधी, कुठे आणि काय केलं, ते हाताला लागत नाही.

या एका साक्षीवर तिघांनी मिळून अख्खं पुस्तक लिहिलं: ‘देअर वॉज धिस गोट’, २००९. आंकी क्रोख ही आफ्रिकान्स कवयित्री आणि पत्रकार, नोसिसी म्पोल्वेनी खोसा भाषेच्या अभ्यासक आणि कोपानो राटेले मानसशास्त्रज्ञ. तिघंही तेव्हा वेस्टर्न केप विद्यापीठात होते. सत्य आयोगांवरच्या साहित्याचा ढीग मोठा आहे. त्यात हे पुस्तक फारसं वाचलं जात नाही. माझ्या मते त्या ढिगातलं सगळ्यात उपयोगी पुस्तक हेच आहे. त्याच्याशी माझं भांडणही आहे. या लेखात दोन्ही गोष्टी मांडायच्या आहेत.

आधी पुस्तकाचं श्रेय. सुरुवात एका शोधापासून होते आणि तो शोध माझ्यासारख्या माणसाला लगेच ओळखीचा वाटतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फॉर्म आणि डेटाबेस यांवर माझं पोट चालतं. एखादी नोंद सापडत नाही, तेव्हा पहिला प्रश्न असतो की ती मुळात नाही, की आहे पण चुकीच्या नावाने आहे? कोनिले हे आडनाव आयोगाच्या अधिकृत संकेतस्थळाच्या सूचीत सापडत नव्हतं. तिचं स्वतःचं नावही नोंदीत चुकलेलं होतं. भर सभेत, कॅमेऱ्यासमोर, देशाला उद्देशून बोललेली बाई, पण शोधायला गेलं तर नाही.

मग तिघं मागे मागे जातात. संकेतस्थळावरच्या इंग्रजी मजकुराच्या मागे सुनावणीतल्या दुभाषाचं इंग्रजी आहे. दुभाषाच्या मागे खोसामधलं मूळ ध्वनिमुद्रण. ते नव्याने ऐकून, नव्याने लिहून काढून, नव्याने भाषांतरित केल्यावर दिसतं की गोंधळातला बराच भाग कोनिलेचा नाहीच. वाटेत तो जमा झालाय. आयोगाचे दुभाषे बोलणाऱ्याच्या सोबत, त्याच क्षणी भाषांतर करत होते, तेही प्रथमपुरुषात: ‘माझ्या मुलाला मारलं’, असं दुभाष्यानेच म्हणायचं. दिवसच्या दिवस परक्यांची दुःखं ‘मी’ म्हणून बोलत राहायची. या कामाने त्यांच्यापैकी काहींची मनं पार पिळवटून गेली, हे पुढे नोंदवलंही गेलं. अशा वेळी एखादं वाक्य सुटणं, एखाद्या गावाचं नाव कानावरून जाणं, हे व्हायचंच. खोसा भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांच्यात फरक नाही, इंग्रजीला तो लागतो. दुभाष्याने अर्ध्या सेकंदात निवड करायची आणि ती निवड कायमची कागदावर.

याचा थोडा अनुभव हा लेख लिहितानाही आला. मी वर ‘शेळी’ लिहिलं. इंग्रजी शब्दाला लिंग नाही, मराठीत मात्र शेळी की बोकड हे ठरवावं लागतं. ‘बोकड’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नवस, जत्रा, देवाला द्यायचा बळी येतो. ‘शेळी’ म्हटलं की गरिबाच्या दारात बांधलेलं दुभतं जनावर. खोसा समाजात शेळीचा संबंध पूर्वजांशी आहे, विधीत तिचा बळी देऊन त्यांच्याशी बोलणं होतं. म्हणजे अर्थाने ‘बोकड’ जवळचा. पण कोनिले फक्त एवढंच सांगते की जनावर होतं आणि ते वर बघत होतं. एका शब्दासाठी मला इतकं थांबता आलं, कारण मला घाई नाही. दुभाष्याला होती.

पुस्तकाचा दुसरा टप्पा या अर्थाचा आहे. म्पोल्वेनी आणि राटेले दाखवतात की शेळी हा विषयांतराचा तुकडा नाही. ते स्वप्न आहे, आणि पूर्वसूचना आहे. मुलाच्या मरणाची हकिगत सांगायची तर ती तिथूनच सुरू होते, कारण आईला पहिल्यांदा कळलं ते तिथे. माणूस बातमी घेऊन नंतर आला. ‘मला कधी कळलं’ या प्रश्नाचं हे अगदी नेमकं उत्तर आहे. गावाकडच्या कुठल्याही आजीने आपल्या घरातल्या मृत्यूची गोष्ट अशीच सांगितली असती: त्या रात्री कुत्रं कसं रडत होतं, देवाजवळचा दिवा कसा विझला. ऐकणाऱ्यांपैकी कुणी तिला ‘मुद्द्यावर या’ म्हटलं नसतं. सुनावणीच्या सभागृहात मात्र मुद्दा आधीच ठरलेला होता.

तसंच दगडाचं. कोळसा खणताना आपल्यावर दगड आला हे कोनिले सांगते. मुलगा गेल्यावर पोट भरायला काय करावं लागलं, त्याची ती हकिगत आहे. आयोगाच्या दृष्टीने हे ‘नंतरचं’. तिच्या दृष्टीने ते मुलाच्या मरणाचाच पुढचा भाग. राटेले यांचं विवेचन इथे मला फार मोलाचं वाटतं. ज्या जगात माणूस ‘आम्ही’ म्हणूनच असतो, तिथे मुलाला मारणं म्हणजे आईला त्या ‘आम्ही’तून तोडून एकटी ‘मी’ करून टाकणं. कोनिलेच्या साक्षीत हा सुटा पडलेला ‘मी’ बोलतोय. ज्या देशाने त्या काळात ‘उबुंटू’ हा शब्द, म्हणजे ‘माणसामुळे माणूस’ ही कल्पना, १९९३च्या हंगामी राज्यघटनेच्या शेवटात घातली, त्याच देशात एक बाई सांगत होती की माझी माणसंच उरली नाहीत, आणि ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

इथपर्यंत पुस्तक निर्विवाद चांगलं आहे. यापुढे त्याने जो प्रश्न विचारायला हवा होता, तो ते विचारत नाही. कोनिले ऐकू का आली नाही? पुस्तकाचं उत्तर आहे भाषांतर आणि संस्कृती. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. दुभाषा सर्वोत्तम असता, सूचीतलं नाव बिनचूक असतं, तरी आयोगाच्या यंत्रणेत शेळीला जागा नव्हती. का, ते पाहायला यंत्रणेकडे जावं लागतं.

१९९५च्या कायद्याने आयोगाला ठरावीक काम दिलं होतं. १ मार्च १९६० पासूनच्या काळातली ‘मानवी हक्कांची गंभीर उल्लंघनं’ तपासायची. कायद्याने त्याचे प्रकार सांगितले: हत्या, अपहरण, छळ आणि गंभीर गैरवर्तणूक. सुमारे २१ हजार लोकांनी निवेदनं दिली. त्यांपैकी दहातल्या जेमतेम एकाला जाहीर सुनावणीत बोलायला मिळालं. बाकीच्यांचं निवेदन एका छापील फॉर्मवर उतरवून घेतलं गेलं आणि ते एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये गेलं. त्या रचनेमागे पॅट्रिक बॉल या अमेरिकी तज्ज्ञाची पद्धत होती. १९९६ साली आलेल्या त्याच्या पुस्तिकेचं नावच ‘हू डिड व्हॉट टू हूम?’ कुणी, काय, कुणाला. माझ्या पेशातल्या कुणालाही हे वाचून हसू आणि आदर एकदमच वाटेल, कारण ही अतिशय उत्तम रचना आहे. एका माणसावर अनेक उल्लंघनं झालेली असू शकतात, एका उल्लंघनात अनेक गुन्हेगार असू शकतात, एकाच घटनेबद्दल अनेकजण सांगू शकतात. हे सगळं एकाच ओळीत कोंबलं तर मोजणी चुकते. बॉलने ते वेगवेगळ्या टेबलांत लावलं, म्हणून मोजणी टिकते.

पण टेबल आलं की कॉलम आले, आणि प्रत्येक कॉलम म्हणजे आधीच विचारलेला एक प्रश्न. कोनिलेला या रचनेत बसवून बघा. पीडित: झाबोंके. उल्लंघन: हत्या. गुन्हेगार: पोलीस. दिनांक, ठिकाण. नोंद पूर्ण झाली. आणि कोनिले कुठे आहे? ‘निवेदन देणारी व्यक्ती’ या कॉलममध्ये. कायद्याच्या व्याख्येत मृताचे नातेवाईकही पीडितच होते, तरी नोंदीच्या रचनेत तिच्यावर काही ‘झालेलं’ नाही. भूक हा उल्लंघनाचा प्रकार नाही. कोळसा खणणं नाही. एकटेपण तर नाहीच. आयोगासमोर आलेल्या बहुतेक बायका स्वतःवर काय झालं ते न सांगता मुलांचं, नवऱ्याचं, भावाचं सांगत होत्या, हे आयोगाच्याही लक्षात आलं. बेथ गोल्डब्लॅट आणि शीला माइंटजीस या अभ्यासकांनी ते ठासून मांडल्यावर बायकांसाठी वेगळ्या सुनावण्या झाल्या. कारण फक्त बायकांच्या संकोचात शोधू नये. फॉर्म त्यांना जो प्रश्न विचारत होता, त्याचं उत्तर त्या देत होत्या.

एका जुन्या कामात मी तक्रार नोंदवण्याची एक प्रणाली लिहीत होतो. ग्राहकाने तक्रारींचे प्रकार ठरवून दिलेले होते, शेवटी ‘इतर’. काही महिन्यांनी सगळ्यात जास्त तक्रारी ‘इतर’मध्ये जमा झाल्या. ग्राहकाचं म्हणणं पडलं की लोकांना नीट फॉर्म भरता येत नाही, ‘इतर’ काढून टाका. आम्ही ते काढलं. पुढच्या महिन्यात अहवाल स्वच्छ आला. त्या अहवालात खोटं काही नव्हतं. लोकांनी जवळपासचा कुठलातरी प्रकार निवडला होता. सत्य आयोगाची तुलना एखाद्या कंपनीच्या तक्रारपेटीशी करणं हलकेपणाचं वाटेल, पण फॉर्मचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच असतो: जे विचारलं नाही ते नंतर कधी घडलंच नाही असं दिसायला लागतं.

महमूद ममदानी या युगांडाच्या विचारवंताची टीका याच जागी बोट ठेवते, फक्त फार मोठ्या मापाने. तो म्हणतो की आयोगाने वर्णभेदाचं रूपांतर मूठभर गुन्हेगार आणि मूठभर पीडित यांच्या गोष्टीत केलं. वर्णभेद हा मुळात कायद्याने चालणारा कारभार होता. काळ्या माणसाने शहरात पाऊल टाकायला पास बाळगायचा. १९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख लोकांना त्यांच्या घरांतून, जमिनींवरून उचलून दुसरीकडे टाकण्यात आलं. यातलं काही त्या राज्याच्या कायद्याच्या विरुद्ध नव्हतं. तो कायदाच होता. आयोगाच्या फॉर्मवर पासचा कॉलम नव्हता. ज्याच्या छातीत गोळी लागली तो पीडित, ज्याचं गाव उठवलं तो फक्त पार्श्वभूमी.

आता कोनिलेच्या कोळशाकडे परत या. ती इंद्वेची, ईस्टर्न केपमधल्या एका गरीब खेड्यावजा गावची. मुलगा शेकडो किलोमीटरवरच्या केप टाउनमध्ये का होता? तरुणांनी दूर शहरात जायचं आणि आयांनी मागे राहायचं, ही रचना आकाशातून पडली नव्हती, ती कायद्यांनी घडवली होती. दगडाची गोष्ट सांगताना कोनिले विषय सोडत नाही. ममदानी ज्या विषयाबद्दल बोलतो, त्याच विषयाच्या मधोमध ती उभी असते. ‘देअर वॉज धिस गोट’मध्ये संस्कृती भरपूर आहे, ही अर्थव्यवस्था मात्र कोपऱ्यात आहे. माझं पहिलं भांडण हे. शेळीचा अर्थ लावायला तीन पंडित लागले. दगडाचा अर्थ लावायला पंडित लागत नाहीत, आणि म्हणूनच कदाचित दगडाकडे कमी पाहिलं गेलं.

कॉलम कुठे संपतात याने माणसांच्या आयुष्यात केवढा फरक पडतो, ते चिलीत दिसतं. पिनोशेची राजवट संपल्यावर १९९० साली नेमलेल्या रेट्टिग आयोगाने फक्त मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले मोजले. छळ सोसून जे जगले, त्यांना त्या यादीत जागा नव्हती. वालेक आयोगाने त्यांचं ऐकलं ते २००३-०४ मध्ये, आणि तेव्हा २७ हजारांहून अधिक लोकांना मान्यता मिळाली. मधली १३ वर्षं ही माणसं त्याच देशात, त्याच रस्त्यांवर होती. फक्त ज्या टेबलात त्यांना जायचं होतं ते अजून बनलेलं नव्हतं.

तर मग डेटाबेस हाच खलनायक आहे का? साहित्याच्या बाजूने लिहिणारे अनेकजण तसं सुचवतात आणि तिथे मी त्यांच्यासोबत नाही. एकवीस हजार निवेदनं कादंबरीसारखी वाचून राज्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. ‘एखाददुसरा पोलीस वाईट निघाला’ या बचावाला तोडतो तो आकृतिबंध, आणि तो मोजल्याशिवाय दिसत नाही. आयोगाने स्वतःच्या अहवालात सत्याचे चार प्रकार सांगितले: वस्तुस्थितीचं, व्यक्तिगत कथनाचं, संवादातून येणारं सामाजिक आणि जखम भरून काढणारं. टीकाकारांनी या वर्गीकरणाची भरपूर थट्टा केली आहे. मला त्याची अडचण वेगळीच वाटते. चार सत्यं सांगितली, पण त्यांच्यात दुवा ठेवला नाही. पहिलं डेटाबेसमध्ये गेलं, दुसरं टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत. कोनिलेची नोंद उघडणाऱ्याला तिच्या साक्षीपर्यंत, साक्ष वाचणाऱ्याला मूळ खोसापर्यंत जाता येईल, अशी वाट राहिली नाही. तीन अभ्यासकांना जे करावं लागलं ते खरं तर ती हरवलेली वाट हाताने पुन्हा बांधणं होतं.

माझं दुसरं भांडण अधिक नाजूक आहे. क्रोखचं आधीचं पुस्तक, ‘कंट्री ऑफ माय स्कल’ (१९९८), जगभर गाजलं. रेडिओसाठी आयोगाच्या सुनावण्या वार्तांकित करताना ती जे ऐकत होती, ते तिने वृत्तांत, आत्मकथन, कविता आणि थोडी कल्पना यांच्या मिश्रणात मांडलं. त्या पुस्तकात साक्षीदारांचे आवाज अतिशय सुंदर येतात. तीच त्यावरची तक्रारही आहे: एका गोऱ्या आफ्रिकान्स बाईच्या अपराधभावाच्या नाटकात काळ्यांची दुःखं समूहगानासारखी मागे उभी राहतात. ‘गोट’ हे मी त्या टीकेला दिलेलं उत्तर म्हणून वाचतो. इथे ती एकटी लिहीत नाही. दोन सहकारी आहेत, त्यांना ती भाषा आणि ते जग आतून माहीत आहे. तिघं एकमेकांशी असहमत होतात आणि ते लपवत नाहीत. शेवटी ते कोनिलेला भेटायलाही जातात. ही मोठी सुधारणा आहे.

पण या सगळ्या धडपडीची दिशा काय आहे? कोनिले सुसंगत आहे हे सिद्ध करणं. पानागणिक एकेक गाठ सुटते: हे स्वप्न होतं, हा दगड खरा होता, इथे दुभाष्याचं चुकलं. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. मी मात्र अडखळतो. समजा ध्वनिमुद्रण नीट ऐकल्यावरही तिची साक्ष तुटकच निघाली असती तर? समजा स्वप्नाला संस्कृतीत काही अर्थ नसता, ते नुसतंच भीतीचं स्वप्न असतं तर? मग तिला ऐकायची जबाबदारी संपली असती का? जिच्या मुलाला राज्याने ठरवून मारलं, तिने त्याच देशासमोर बसून नीटनेटकं बोललं पाहिजे अशी अट कुणी घातली? आयोगाची अट होती की तिने तथ्य द्यावं. पुस्तकाची अट त्याहून प्रेमळ आहे: तिने अर्थ द्यावा. पण अट आहेच. अर्थ लागला म्हणून आपण तिला मान देतो, आणि नसता लागला तर तिची साक्ष ‘न कळणारी’ म्हणूनच पडून राहिली असती.

पुस्तकातली बहुतेक पानं या तिघांच्या विचारांची आहेत, हेही लक्षात येतं. त्याला इलाज नाही, टीका नेहमी मूळ मजकुरापेक्षा जास्त बोलते, हा लेखही तेच करतोय. फक्त त्याची किंमत लक्षात ठेवायला हवी. एका साक्षीला तीन माणसं आणि कैक वर्षं लागली. २१ हजारांचं काय?

आता ‘सलोखा’ या शब्दाकडे. मराठीत पर्याय पुष्कळ आहेत: समेट, तडजोड, दिलजमाई. समेटाला दोन बाजू लागतात आणि त्या बऱ्यापैकी समान असाव्या लागतात. तडजोडीत दोघंही काही सोडतात. सलोखा ही भांडण संपल्यानंतरची अवस्था. दक्षिण आफ्रिकेत हा गुंता आणखी मोठा होता. आफ्रिकान्समधल्या शब्दाला ख्रिस्ती प्रायश्चित्ताचा वास आहे. खोसात ‘उक्सोलो’ म्हणजे शांतताही आणि क्षमाही. अध्यक्ष डेझमंड टूटू हे आर्चबिशप, त्यांच्या तोंडी सलोखा आणि क्षमा सहज एक होत. कायद्यात मात्र क्षमेचा शब्द नव्हता.

याहून घसरडा शब्द ‘माफी’. आयोगाचा खरा सौदा हा होता: ज्याने राजकीय हेतूने गुन्हा केला, त्याने पूर्ण सत्य सांगितलं तर त्याच्यावर खटला नाही. याला आपण सवयीने ‘माफी’ म्हणतो आणि मग डोळ्यांसमोर रडणारा, हात जोडणारा गुन्हेगार येतो. कायद्यात पश्चात्तापाची अट नव्हती. पीडिताच्या संमतीचीही नव्हती. मराठीत ‘माफी’चा दुसरा अर्थ इथे जास्त लागू पडतो, ‘कर्जमाफी’मधला. तिथे कुणी कुणाचे पाय धरत नाही. एक देणं वहीतून काढून टाकलं जातं. आणि ते सरकार काढून टाकतं, दुसऱ्याच्या वहीतून. कारण अभय मिळालेल्यावर फौजदारी खटला नाही, तसा नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही करता येत नव्हता. स्टीव्ह बिको आणि इतरांच्या कुटुंबांनी हे घटनेविरुद्ध आहे म्हणून १९९६ साली घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं आणि ते हरले. न्यायालयाचा युक्तिवाद समजण्यासारखा होता: हा सौदा नसता तर शांततेने सत्तांतर झालंच नसतं. पण ज्यांचं देणं सोडलं गेलं त्यांना बदल्यात काय मिळायचं होतं? सत्य आणि भरपाई.

भरपाईचा हिशेब पुन्हा यादीपाशी येऊन थांबतो. आयोगाने सहा वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी अशी शिफारस केली. सरकारने २००३ साली एकरकमी ३० हजार रँड जाहीर केले, तेही आयोगाने पीडित म्हणून मान्य केलेल्यांनाच. ज्यांचं निवेदन मुदतीत पोचलं नाही, ज्यांना आयोग आपल्या गावात येऊन गेला हेच उशिरा कळलं, ते बाहेर. खुलुमानी ही पीडितांची संघटना तेव्हापासून याच दारावर धडका देते आहे. संघटनेच्या नावाचा अर्थ आहे ‘बोला’. त्यांनी बोलूनही यादी उघडत नाही.

आणि ज्यांनी अभय मागितलंच नाही, किंवा ज्यांना ते नाकारलं गेलं, त्यांच्यावर खटले चालवायचे होते. शेकडो प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली गेली, चालली ती बोटांवर मोजण्याइतकी. हे खटले वरून दाबले गेले का, हे तपासायला २०२५ साली आणखी एक आयोग नेमावा लागला. म्हणजे सौद्याची एक बाजू लगेच अमलात आली आणि दुसरी तीस वर्षांनी चौकशीखाली आहे.

या सगळ्यात शेळीवरच्या पुस्तकाचं मोल मला आधी वाटलं त्याहून वेगळ्या ठिकाणी दिसतं. क्रोख, म्पोल्वेनी आणि राटेले यांनी कोनिलेला ‘आवाज दिला’ असं म्हणू नये, आवाज तिला होताच, मुद्रितही झालेला होता. त्यांनी दाखवलं ते हे की तो आवाज आणि आपण यांच्यामध्ये किती टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर एक साधा, शहाणा, घाईतला माणूस बसलेला आहे: फॉर्म आखणारा, दुभाषा, टंकलेखक, सूची करणारा. त्यांच्यापैकी कुणीही दुष्ट नव्हता. माझ्या पेशातली माणसं यातल्या निदान दोन खुर्च्यांवर बसतात.

म्हणून पुढचा एखादा देश, श्रीलंका असो, नेपाळ असो, असा आयोग नेमताना माझ्यासारख्या कुणाला तांत्रिक कामासाठी बोलावेल, तेव्हा या पुस्तकातून तीन मागण्या नेता येतील. मूळ भाषेतलं ध्वनिमुद्रण हीच खरी नोंद मानावी आणि भाषांतर हे तिच्यावरचं एक मत. नाव नोंदवताना ज्याचं नाव त्यालाच वाचून दाखवावं. आणि जे कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही ते ‘इतर’ म्हणून फेकून न देता वेगळं जपावं, दर काही महिन्यांनी कुणीतरी ते बसून वाचावं, आणि त्यातून नवा कॉलम हवा असं निघालं तर तो जोडायचा अधिकार त्या माणसाकडे असावा. यातलं पहिलं आणि दुसरं स्वस्त आहे. तिसऱ्याला कायदा बदलावा लागतो, कारण कॉलम शेवटी कायदाच आखतो. श्रीलंका आणि नेपाळ, दोन्ही देशांत हा वाद अजून मिटलेला नाही: किती छळ झाला म्हणजे तो ‘गंभीर’, आणि कुणाचं मरण यादीत घ्यायचं.